सेटी ॲट होम: वर्क युनिटे एकाएकी इतकी छोटी का येऊ लागली?

शिवडीचा_रोहित – १३ जुलै २०१९, सकाळी ९.४०

नमस्कार. घरचा संगणक रिकामा असतो तेव्हा तो बॉइंकमार्फत सेटी ॲट होमचे काम करत असतो, हे या गटातील जुन्या सभासदांना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगतो: सेटी ॲट होम हा रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत परग्रहवासीयांचे संकेत शोधणारा बर्कली विद्यापीठाचा प्रकल्प, बॉइंक हा असे काम घरोघरच्या संगणकांना वाटणारा कार्यक्रम आणि वर्क युनिट म्हणजे तपासायला आलेला नोंदीचा एक तुकडा. यंत्र साधेच आहे. त्याच्या प्रोसेसरच्या चार गाभ्यांपैकी प्रत्येकावर एक वर्क युनिट पूर्ण व्हायला साधारण सव्वा तास लागतो आणि वर्षानुवर्षे त्यात फारसा फरक पडलेला नाही. मात्र बुधवारपासून येणारी बहुतेक युनिटे बावीस-तेवीस मिनिटांतच संपत आहेत. काल रात्री मोजले तेव्हा अशी एकसष्ट युनिटे झाली होती. क्रेडिटही, म्हणजे केलेल्या कामाचे गुणही, जवळजवळ एक तृतीयांशच मिळत आहे. आणखी एक गोष्ट अशी की, या युनिटांची मुदत नेहमीपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे बॉइंक त्यांना पुढे काढतो आणि आइन्स्टाइन ॲट होम या तशाच दुसऱ्या प्रकल्पाचे अर्धवट काम बाजूला पडून राहते.

माझा प्रश्न सरळ आहे. माझ्या यंत्रात बिघाड झाला आहे, की तिकडून येणारी सामग्रीच बिघडलेली आहे? दोन्ही नसेल तर दुर्बिणीने तेवढ्याच वेळाची नोंद करूनही एक युनिट सव्वा तासाचे आणि दुसरे बावीस मिनिटांचे कसे असू शकते?

मुलुंडचा_मेघ – १३ जुलै २०१९, सकाळी १०.०५

पावसाळ्यात मुंबईतील प्रत्येक गोष्ट संथ होते आणि तुमचा संगणक मात्र तिप्पट वेगाने धावू लागला, याबद्दल त्याचा सत्कार करायला हवा.

पार्लेकरीण – १३ जुलै २०१९, सकाळी ११.३०

रोहितराव, निष्कर्षावर येण्याआधी दोन गोष्टी पाहून सांगा. आपल्या खात्याच्या पानावर त्यांपैकी एखादे युनिट उघडले की खाली कार्यक्रमाने लिहिलेली नोंद दिसते. त्यात ‘रिझल्ट ओव्हरफ्लो’ असा उणे ९ क्रमांकाचा संदेश आहे का, हे पहिले. त्याच नोंदीत ‘अँगल रेंज’ म्हणून अंशांमध्ये एक आकडा असतो, तो किती आहे, हे दुसरे.

लवकर संपणारी युनिटे दोन अगदी वेगळ्या कारणांनी लवकर संपतात आणि आपल्याकडे दोन्हींना ‘शॉर्टी’ म्हणायची सवय लागल्यामुळे नेहमी घोळ होतो.

गिरगावकर_जुना – १३ जुलै २०१९, दुपारी १२.१५

नोंदी कशाला उघडायच्या? ही नोंद करणाऱ्या पोर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीच्या आसपास विमानतळाची आणि लष्कराची रडारे आहेत, त्यांचा गोंगाट सामग्रीत येतो आणि युनिट गोंगाटाने भरले की कार्यक्रम ते सोडून देतो. असली युनिटे म्हणजे कचरा आहे. मी ती रद्द करतो आणि नवी मागवतो. विजेचे बिल आपण भरतो, तेव्हा वीज कशावर खर्च करायची हे ठरवण्याचा अधिकारही आपलाच असला पाहिजे.

शिवडीचा_रोहित – १३ जुलै २०१९, दुपारी ४.५०

पार्लेकरीणताई, पाहिले. एकसष्टपैकी एकोणसाठ युनिटांत उणे ९ कुठेही नाही, सर्व काही नीट संपल्याचेच लिहिले आहे आणि अँगल रेंज सगळीकडे २.७१ च्या आसपास आहे. उरलेल्या दोन युनिटांत मात्र उणे ९ आहे. ती मिनिटभरातच संपली होती, माझ्या ते लक्षातही आले नव्हते. जुन्या, सव्वा तासाच्या युनिटांची अँगल रेंज ०.४२ दिसते. या आकड्याचा आणि वेळेचा संबंध काय?

पार्लेकरीण – १३ जुलै २०१९, रात्री ९.२०

संबंध थेट आहे. जेवण आटोपून बसले आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

अरेसिबोच्या सामग्रीचे प्रत्येक युनिट म्हणजे सुमारे १०७ सेकंदांची नोंद. १४२० मेगाहर्ट्‌झभोवतीचा अडीच मेगाहर्ट्‌झचा पट्टा घेऊन त्याचे २५६ उपपट्टे पाडतात, त्यामुळे एका युनिटात दहा किलोहर्ट्‌झपेक्षा किंचित कमी रुंदीचा एक उपपट्टा असतो. युनिट छोटे असो वा मोठे, हे माप बदलत नाही. उतरवून घ्यायची फाइलही जवळजवळ तेवढ्याच आकाराची असते. फरक पडतो तो या १०७ सेकंदांत दुर्बिणीची नजर आकाशात किती सरकली यामुळे, आणि तेच अंतर म्हणजे अँगल रेंज.

आता दुर्बीण स्थिर ठेवली तरी पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला (एका अंशाच्या ३,६०० विकला) या गतीने सरकते. १०७ सेकंदांचे १,६०५ विकला झाले, म्हणजे ०.४५ अंश. हे खगोलीय विषुववृत्तावरचे झाले. अरेसिबोच्या डोक्यावर येणारे आकाश तिथून सुमारे अठरा अंश उत्तरेला आहे आणि तेथे हेच अंतर ०.४२ भरते. तुमच्या नेहमीच्या युनिटांचा आकडा तोच आहे, कारण त्या वेळी दुर्बीण हलत नव्हती आणि आकाश तिच्यासमोरून वाहत होते.

अरेसिबोच्या सात बीमच्या ‘अल्फा’ ग्राहकाचा एक बीम, म्हणजे त्याला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, साडेतीन कलांच्या (२१० विकलांच्या) आसपास रुंद आहे. आकाशातील एखादा बिंदू नेहमीच्या गतीने तो ओलांडायला चौदा सेकंद घेतो. खराच दूरचा स्रोत असेल तर त्याचा संकेत या काळात हळूहळू चढेल, शिखर गाठेल आणि उतरेल, म्हणजे आलेख घंटेच्या आकाराचा होईल. याला गाउसियन म्हणतात आणि हा आकार शोधणे हे कार्यक्रमाच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. जमिनीवरचा गोंगाट असा चढत-उतरत नाही, म्हणून या आकाराला महत्त्व आहे. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोच्या ‘बिग इअर’ दुर्बिणीने नोंदलेला प्रसिद्ध ‘वॉव’ संकेत ७२ सेकंद टिकला, तोही याच कारणाने: त्या दुर्बिणीच्या बीममधून आकाश सरकायला तेवढाच वेळ लागत असे.

तुमच्या २.७१ अंशांच्या युनिटांत दुर्बीण स्वतःच वेगाने फिरत होती. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ९१ विकला, म्हणजे एक बिंदू बीममध्ये अवघे सव्वादोन-अडीच सेकंद राहतो. एवढ्यात घंटेचा आकार जुळवून पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून अँगल रेंज साधारण १.१३ अंशांच्या वर गेली की कार्यक्रम गाउसियनचा शोध घेतच नाही. ठरावीक अंतराने येणारे ठोके एकावर एक रचून पाहण्याचे जे दुसरे वेळखाऊ काम आहे, तेही आखूड तुकड्यांपुरते मर्यादित राहते, कारण बीममध्ये नसलेल्या स्रोताचे ठोके मोजून काय करणार? थोडक्यात, सामग्री तेवढीच असते, तिच्यात शोधण्यासारखे कमी असते. तुमचा संगणक पूर्ण निरोगी आहे.

कल्याणवासी – १४ जुलै २०१९, सकाळी ८.१०

ताई, हे रोज कल्याणहून येणाऱ्या माणसाला लगेच पटते. धीमी लोकल फलाटावर शिरते तेव्हा पाटीच काय, पाटीखालची जाहिरातही वाचून होते. जलद लोकल तेच स्थानक न थांबता ओलांडते तेव्हा स्थानकाचे नाव कळले तरी पुष्कळ.

परंतु मग एक शंका येते. छोटी युनिटे एखाद-दुसरी न येता अशी झुंडीने का येतात? रोहितरावांना सलग एकोणसाठ मिळाली.

पार्लेकरीण – १४ जुलै २०१९, सकाळी १०.४५

झुंडीचे कारण मांडणीतच आहे. दुर्बीण एकदा १०७ सेकंद वेगाने फिरली की त्या क्षणाचे २५६ उपपट्टे, म्हणजे २५६ युनिटे, एकाच अँगल रेंजची होतात. अल्फाचे सात बीम आणि प्रत्येकाची दोन ध्रुवीकरणे, असे चौदा प्रवाह स्वतंत्रपणे नोंदले जातात. चौदा गुणिले २५६ म्हणजे ३,५८४. पावणेदोन मिनिटांच्या एका फिरण्यातून साडेतीन हजारांहून अधिक शॉर्टी तयार होतात, आणि प्रत्येक युनिट पडताळणीसाठी किमान दोन संगणकांकडे जाते. दुर्बीण तासभर तशीच फिरत असेल तर पुढचे आकडे तुम्हीच करा.

गिरगावकर_जुना – १४ जुलै २०१९, दुपारी १.३०

रडारविषयीचे माझे म्हणणे या एकोणसाठ युनिटांना लागू नाही, हे मान्य. पण तुमच्याच स्पष्टीकरणातून माझा दुसरा मुद्दा सिद्ध होतो. गाउसियन शोधायचा नाही, ठोके पुरते तपासायचे नाहीत, तर त्या युनिटाचे वैज्ञानिक मोल कमी झाले की नाही? मग ते सव्वा तासाच्या युनिटाच्या बरोबरीने रांगेत का यावे? आणि दुर्बीण अशी सैरावैरा पळवायची तरी कशाला?

ठाण्याचा_अभियंता – १४ जुलै २०१९, संध्याकाळी ६.००

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दुर्बीण सेटीवाले पळवत नाहीत. अरेसिबोत त्यांची भूमिका सहप्रवाशाची आहे: दुसरे खगोलशास्त्रज्ञ आपापल्या कामासाठी दुर्बीण वळवतात आणि येणाऱ्या संकेताची एक प्रत बर्कलीकडे जाते. त्यामुळे अँगल रेंज पाहून त्या वेळी कोणते काम चालू असावे याचा अंदाज बांधता येतो. अल्फाल्फा या हायड्रोजनच्या सर्वेक्षणात दुर्बीण स्थिर ठेवून आकाश वाहू देत, म्हणून ०.४२. पाल्फा या पल्सारच्या, म्हणजे फिरता फिरता ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, सर्वेक्षणात एकाच बिंदूचा पाठलाग करत, म्हणून आकडा शून्याजवळ. आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजनचा नकाशा करणाऱ्या गाल्फाच्या लोकांची एक पद्धत होती, ज्यात दुर्बीण मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) वर-खाली डोलत राहते, आकाश आडवे सरकत राहते आणि टोपलीच्या विणीसारखी नागमोडी रेघ उमटते. रोहितरावांची युनिटे तशा डोलण्यातली असू शकतील, मात्र एकट्या आकड्यावरून मी पैज लावणार नाही.

मोलाविषयी माझे मत वेगळे आहे. ०.४२ चे युनिट आकाशाची अर्ध्या अंशाहून लहान पट्टी पाहते, २.७१ चे युनिट तिच्या सहापट लांब पट्टी पाहते. नजर उथळ आहे, पण पोहोच मोठी आहे. शिवाय एकाच जागी वेगवेगळ्या वर्षी पुन्हा पुन्हा दिसणारे संकेत हाच या प्रकल्पाचा खरा कस आहे आणि त्यासाठी उथळ नजरेच्या फेऱ्याही हव्यातच.

मुलुंडचा_मेघ – १४ जुलै २०१९, रात्री ८.२५

मंडळी, आपण बावीस मिनिटांवर इतकी चर्चा करत आहात म्हणून नम्रपणे कळवतो की, माझ्या ग्राफिक्स कार्डवर कालपासून युनिटे अकरा सेकंदांत संपत आहेत. एका रात्रीत माझ्या खात्यावर जितकी युनिटे जमा झाली तितकी एरवी महिन्यात होत नाहीत. सत्कार आता माझा करावा.

पार्लेकरीण – १४ जुलै २०१९, रात्री ९.१०

मेघराव, हार तयार ठेवते, पण आधी त्या युनिटांचे पान उघडा आणि दोन गोष्टी सांगा: उणे ९ आहे का, आणि तेच युनिट मिळालेल्या जोडीदार संगणकाने काय उत्तर दिले आहे.

मुलुंडचा_मेघ – १४ जुलै २०१९, रात्री १०.०२

उणे ९ सर्वत्र आहे. जोडीदार संगणकांनी मात्र तीच युनिटे पूर्ण चालवली असून त्यांना तीन-चार संकेतच सापडले आहेत. माझी नोंद सांगते की मला प्रत्येक युनिटात तीस सापडले. परग्रहवासीयांचा मुलुंडवर विशेष लोभ असावा.

ठाण्याचा_अभियंता – १४ जुलै २०१९, रात्री १०.४०

लोभ धुळीचा आहे. कार्यक्रमाने एका युनिटातून किती संकेत लिहून ठेवायचे याला तीसची मर्यादा आहे. ती भरली की सामग्री गोंगाटाने भरलेली आहे असे मानून तो थांबतो, त्यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. सामग्रीत खरोखर रडार शिरलेले असेल तर तुमचे आणि जोडीदाराचे, दोन्ही संगणक तसेच थांबतात आणि निकाल ग्राह्य धरला जातो. रोहितरावांची ती दोन युनिटे बहुधा याच प्रकारची असतील. परंतु जोडीदाराला तीन संकेत मिळतात आणि तुम्हाला तीस, तेव्हा तुमचे कार्ड चुकीची बेरीज करत असते. अशा वेळी निकाल ‘अनिर्णित’ राहतो, युनिट तिसऱ्या संगणकाकडे जाते आणि तुम्ही एकट्याने शेकडो लोकांचे काम वाढवून ठेवता.

कार्ड मुद्दाम वाढवलेल्या वेगावर चालवता का? यंत्र खिडकीपाशी आहे का? पंख्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करा.

मुलुंडचा_मेघ – १५ जुलै २०१९, संध्याकाळी ७.३०

खिडकीपाशीच आहे, आणि वेगही दुकानातूनच वाढवून आलेला आहे. पंख्यात धूळ आणि पावसाळी ओल मिळून जो थर बसला होता, त्याला मी सभ्य भाषेत नमदा म्हणेन. साफ केले, वेग मूळ पातळीवर आणला, तेव्हा तापमान बावीस अंशांनी उतरले. आता युनिटे पुन्हा बारा-तेरा मिनिटे घेत आहेत आणि जोडीदारांशी जुळत आहेत. सत्कार रद्द समजावा.

बोरीवलीचे_आजोबा – १५ जुलै २०१९, रात्री ९.००

तुम्ही मिनिटांच्या गोष्टी करता म्हणून एक जुनी आठवण लिहितो. मे १९९९ मध्ये सेटी ॲट होम सुरू झाले त्याच पावसाळ्यात मी ते माझ्या पेंटियमवर बसवले. त्या वेळी बॉइंक नव्हते, पडद्यावर रंगीत आलेख नाचवणारा स्क्रीनसेव्हर हाच कार्यक्रम होता. एक युनिट दीड-दोन दिवस चाले. साडेतीनशे किलोबाइटांच्या आसपासचे पुढचे युनिट उतरवण्यासाठी डायल-अप लावायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद ठेवायचा, यावरून घरात जे ऐकावे लागे ते येथे लिहीत नाही. मधूनच एखादे युनिट दोन-तीन तासांत संपे आणि आम्ही ऑफिसात डब्याच्या वेळी ती बातमी सांगत असू. का संपले हे आम्हाला ठाऊक नव्हते. पार्लेकरीणताईंचे उत्तर वाचले आणि वीस वर्षांनी ते कळले.

गिरगावकर, युनिट रद्द करण्याविषयी. आमच्या वेळी निवडीची सोय नव्हती हे एका परीने बरेच होते. हमालाने उचललेली पाटी हलकी निघाली म्हणून ती रस्त्यात टाकून भारी पाटी मागायला कोणी परत जात नाही.

गिरगावकर_जुना – १५ जुलै २०१९, रात्री १०.२०

आजोबा, हमालाला हलक्या पाटीचेही ठरलेले पैसे मिळतात. येथे क्रेडिटच युनिटागणिक बदलते. एकाच अँगल रेंजच्या दोन युनिटांना मला एकदा चाळीस आणि एकदा साठ मिळाले आहेत. ही पद्धत न्याय्य आहे असे म्हणणारा सभासद मला अजून भेटलेला नाही.

ठाण्याचा_अभियंता – १५ जुलै २०१९, रात्री १०.५५

क्रेडिटच्या नव्या पद्धतीचे समर्थन मीही करणार नाही. मात्र मूळ व्याख्या ध्यानात घ्या. त्या एककाला ‘कॉबलस्टोन’ म्हणतात आणि सेकंदाला शंभर कोटी दशांश गणिते करणारे यंत्र दिवसभर चालले तर दोनशे कॉबलस्टोन मिळावेत, असा हिशेब आहे. म्हणजे क्रेडिट केलेल्या गणिताचे आहे, युनिटांच्या संख्येचे नाही. शॉर्टीला एक तृतीयांश वेळ लागतो म्हणून एक तृतीयांश क्रेडिट मिळते, तासाचा दर फारसा बदलत नाही. रद्द केल्याने मात्र तुमचा काहीच लाभ होत नाही, फक्त तेच युनिट पुन्हा कोणाकडे तरी पाठवण्याचा भार बर्कलीच्या सर्व्हरवर पडतो. शॉर्टीच्या झुंडीत तो सर्व्हर आधीच घामाघूम असतो, कारण फाइलचा आकार तोच राहून मागणी तिप्पट झालेली असते.

उद्या मंगळवार आहे. डेटाबेसच्या साप्ताहिक देखभालीसाठी तिकडे सकाळी सर्व्हर बंद होतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. एका यंत्राच्या प्रोसेसरसाठी एका वेळी शंभर युनिटांचीच मर्यादा आहे. रोहितरावांच्या चार गाभ्यांवर सव्वा तासाची शंभर युनिटे एकतीस तास पुरतात, बावीस मिनिटांची मात्र नऊ तासांत संपतात. तेव्हा आइन्स्टाइनचे काम अर्धवट पडले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, उद्या रात्री तेच उपयोगी येईल.

कल्याणवासी – १६ जुलै २०१९, सकाळी ७.५०

आइन्स्टाइनचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. तेथेही अरेसिबोची सामग्री येते, मग तेथे अशा शॉर्टी का दिसत नाहीत?

पार्लेकरीण – १६ जुलै २०१९, दुपारी २.१५

कारण तेथे सहप्रवास नाही. आइन्स्टाइन ॲट होमला २००९ पासून अरेसिबोतील पल्सारच्या सर्वेक्षणाची सामग्री मिळते आणि त्यात दुर्बीण एका बिंदूवर रोखलेलीच असते. जोडताऱ्यांच्या संभाव्य कक्षांचे ठरावीक नमुने घेऊन प्रत्येक नोंद त्यांच्याशी ताडून पाहतात, आणि नमुने सर्वांना तेच असल्यामुळे वेळही जवळजवळ तेवढाच लागतो. ग्राफिक्स कार्डांवर ते काम फार लवकर संपू लागले, तेव्हा त्यांनी अनेक नोंदींचा एकच गठ्ठा बांधून पाठवायला सुरुवात केली. सेटीनेही शॉर्टीचे गठ्ठे बांधले असते तर सर्व्हरला बरे पडले असते, असे मला वाटते.

त्या सामग्रीतून सापडलेला पहिला पल्सार २०१० साली जाहीर झाला. तो सेकंदाला सुमारे एक्केचाळीस फेऱ्या घेतो आणि अमेरिकेतील आयोवाचे एक दांपत्य व जर्मनीतील माइन्झचे एक गृहस्थ यांच्या संगणकांनी तो पकडला. नोंद २००७ सालची होती.

कल्याणवासी – १६ जुलै २०१९, दुपारी ३.३०

आभार. अरेसिबोचे कौतुक ऐकून आमच्या गावाचेही एक वाक्य लिहून घेतो. १९६५ साली रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिली रेडिओ व्यतिकरणमापक दुर्बीण आमच्या कल्याणलाच उभारली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या होत्या आणि त्यांनी सूर्य पाहिला. उटी आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणी नंतरच्या.

मुलुंडचा_मेघ – १६ जुलै २०१९, दुपारी ३.४५

कल्याणला जाणारी लोकल सूर्य वेळेवर दाखवत नाही, म्हणून ती उभारली असावी.

शिवडीचा_रोहित – १७ जुलै २०१९, सकाळी ७.१५

रात्री ग्रहण पाहायला उठलो तर ढगांमुळे काहीच दिसले नाही, म्हणून संगणकच पाहिला. ठाणेकरांनी सांगितले तसेच झाले: सेटीची रांग रिकामी आणि आइन्स्टाइनचे काम चालू. पहाटे सर्व्हर सुरू झाल्यावर जी नवी युनिटे आली त्यांची नावे ‘बीएलसी’ने सुरू होतात, म्हणजे ती अमेरिकेतील ग्रीन बँक दुर्बिणीची आहेत. तेथे दुर्बीण ताऱ्यावर रोखलेली असल्यामुळे अँगल रेंज जवळजवळ शून्य आणि वेळ दीड तासाच्या पुढे. शॉर्टींची झुंड ओसरलेली दिसते. त्यांपैकी काही युनिटांच्या फाइली मी वेगळ्या ठेवल्या आहेत, ताऱ्यांच्या नकाशावर त्या कोठे पडतात हे सवडीने पाहीन.

ठाण्याचा_अभियंता – ३ मार्च २०२०, रात्री ९.३०

धागा वर काढतो आहे. बर्कलीने जाहीर केले आहे की ३१ मार्चपासून नवी युनिटे वाटणे थांबेल आणि आतापर्यंत जमलेल्या निकालांच्या विश्लेषणावर लक्ष दिले जाईल. ज्यांना आइन्स्टाइन किंवा अन्य प्रकल्प जोडायचा असेल त्यांनी या महिन्यातच जोडून घ्यावा.

गिरगावकर_जुना – ४ एप्रिल २०२०, सकाळी ११.००

टाळेबंदीत घरी बसून रोज पान ताजे करून पाहतो. नवे काही येत नाही, कोणाकडे तरी मुदतीत न झालेली युनिटे तेवढी अधूनमधून फिरून येतात. काल एक आले, अँगल रेंज १.९, वीस मिनिटांत संपले. रद्द केले नाही, हे आजोबांना कळावे म्हणून लिहितो.

पार्लेकरीण – २ डिसेंबर २०२०, सकाळी ८.३०

काल अरेसिबो कोसळली. ऑगस्टमध्ये एक साहाय्यक केबल निसटली होती, नोव्हेंबरमध्ये एक मुख्य केबल तुटली, आणि काल तिकडच्या सकाळी नऊशे टनांचा मंच ३०५ मीटरच्या तबकडीवर आदळला. ज्या दुर्बिणीच्या डोलण्यावर आपण येथे इतके लिहिले, तिच्याविषयीची ही नोंद याच धाग्यात असावी असे वाटले.

बोरीवलीचे_आजोबा – २ डिसेंबर २०२०, सकाळी ९.१०

वाचले. आज आणखी काही लिहवत नाही.

शिवडीचा_रोहित – ६ डिसेंबर २०२०, रात्री १०.१५

१२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली तेव्हा माझा संगणक मध्येच बंद पडला आणि नंतर डिस्क तपासताना गेल्या वर्षीचा तो फोल्डर हाती लागला. ताईंची बातमी वाचल्यावर तो आज उघडला. प्रत्येक युनिटाच्या शीर्षनोंदीत दुर्बीण सुरुवातीला आणि शेवटी कोठे रोखलेली होती त्याचे विषुवांश व क्रांती (आकाशातील रेखांश व अक्षांशच म्हणा) दिलेले असतात. एकाच टेपमधील, थोड्या थोड्या अंतराने नोंदलेली चार युनिटे माझ्याकडे आहेत. चारही युनिटांत विषुवांश पावणेदोन मिनिटांनी पुढे जातो, म्हणजे आकाश नेहमीच्याच गतीने आडवे वाहत होते. क्रांती मात्र एकात ११.३ अंशांवरून १४.० वर चढते, दुसऱ्यात १३.१ वरून १०.४ वर उतरते, उरलेल्या दोन्हींत पुन्हा चढते.

आलेखाच्या कागदावर रेघा काढल्या तेव्हा ठाणेकरांनी दीड वर्षापूर्वी लिहिलेली टोपलीची वीण डोळ्यांसमोर आली, फक्त ती अपुरी आहे. त्याच आठवड्यातील अरेसिबोची युनिटे कोणी जपून ठेवली असतील तर शीर्षनोंदी येथे द्याव्यात. माझ्या कागदावर चढणाऱ्या तीन रेघा आहेत आणि उतरणारी एकच.